चौथी सुई

नांदेडात माझ्या दवाखान्यात नवा माणूस आला की त्याचा पहिला प्रश्न 'दुखतंय का हो?' असा असेल असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. पहिला प्रश्न असतो, "मॅडम, किती लावणार?" दुखण्याची आमच्या माणसांना फारशी भीती नाही. कमी मिळण्याची आहे.

त्यांचंही चुकत नाही म्हणा. इकडे आजाराची एक चढती भाजणी ठरलेली आहे. गोळी दिली तर डॉक्टरने फार लक्ष दिलं नाही. इंजेक्शन दिलं तर बरं बघितलं. सलाईन लावलं तर मग काय, घरी गेल्यावर शेजारीपाजारी भेटायलाच येतात. या सगळ्यात माझ्या बारीक सुया कुठे बसवायच्या हे कुणाला कळत नाही. त्यात औषध नाही, बाटली नाही, रंगीत पाणीसुद्धा नाही. "यात औषध कुठून घालता?" असं मला कितीतरी जणांनी सुई उजेडात धरून विचारलंय. औषध दिसत नाही म्हटल्यावर बिचारे मोजणार काय? सुयाच मोजतात.

मी होमिओपॅथीची प्रॅक्टिस करता करता अॅक्युपंक्चर शिकले, आणि पहिल्यापासून कमी सुयांची झाले. माणूस नवा असेल, घाबरलेला असेल, वयाने थकलेला असेल, तर त्याच्या अंगावर सुयांचं शेत पेरायचं नसतं. चांगला गडी आहे, कंबर कित्येक वर्षांची धरलेली आहे, तिथे सोळा लावाव्या लागतात, वीसही लागतात, मी लावते. पण जिथे तिनात काम होतं तिथे तीनच. याबाबतीत मी हट्टी आहे. घरातले म्हणतात सगळ्याच बाबतीत आहे, ते सोडा.

आणखी एक माझी पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. सुया काढताना मी मोठ्याने मोजते. दवाखाना नवा होता तेव्हा एका गृहस्थाच्या घोट्यातली एक सुई काढायची राहून गेली आणि ते तसेच चपला घालून रिक्षा स्टँडपर्यंत गेले. मदतीच्या बाई मागे धावल्या. नशीब त्यांचं आणि माझं. तेव्हापासून लावताना किती लावल्या ते बाईंना सांगायचं आणि काढताना एक, दोन, तीन असं खणखणीत मोजून डबीत टाकायच्या. चार कॉट, मध्ये नुसते पडदे. त्यामुळे कुणाला किती हे सगळ्या दवाखान्याला ऐकू जातं. मग पडद्याआडून गप्पा. "तुमाला किती?" "बारा. तुमाला?" "मला आठराच्या खाली लावतच न्हाईत." लग्नातल्या आहेराची चर्चा चालते तशी. मला गंमत वाटायची. मी कधी कुणाला अडवलं नाही.

या दवाखान्यात माझी आक्का आली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, लातूरला असते. आमचं गाव शिरूर अनंतपाळजवळचं. मी बारावीला आणि पुढे कॉलेजला तिच्या घरी राहून शिकले. दोन खोल्यांचं घर, सासू-सासरे, भावजी शाळेत मास्तर, आणि त्यात ही धाकटी बहीण अभ्यासाला. तिने त्यासाठी काय काय ऐकून घेतलं ते मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं, आणि सकाळी ती माझ्यासमोर दुधाचा कप ठेवताना काहीच झालं नाही असं तोंड करायची. माझं नांदेडातलं घर, दवाखाना, नावापुढचं डॉक्टर, सगळं त्या दोन खोल्यांमधून आलंय.

तिच्यासाठी आपण काहीतरी करावं याची मला आयुष्यभर घाई होती, आणि ती करू द्यायची नाही. साडी नेली तर दिवाळीला तिची भारी साडी उलटून यायची. फळं नेली तर निघताना पिशवीत दुप्पट शेंगदाणे. तिच्यापुढे माझं कधी चाललंच नाही. त्यामुळे भाचीचा फोन आला की आईचा उजवा खांदा धरलाय, हात वर जात नाही, स्वतःचा अंबाडासुद्धा घालता येत नाही, तेव्हा मला वाईट वाटलं, आणि देव मला माफ करो, आतून बरंही वाटलं. आता तरी ती माझ्याकडे येईल. आता तरी मला तिचं काही करता येईल.

आली. अर्ध्या तिकिटाच्या एसटीने, अहमदपूर-लोहा करत, डाव्या हातात पिशवी घेऊन. पिशवीत आमटीचं येसर, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. खांदा दुखत असताना चटणी कुणी कुटली म्हणून मी ओरडले तर म्हणाली, "डाव्या हातानं कुटली. तू गप बस."

दुसऱ्या दिवशी तिला कॉटवर घेतलं. हात कानापर्यंत जात नव्हता, मागे तर मुळीच नाही. अंगाने वाळलेली, साखरेचा त्रास, आणि तोंडाने कितीही शूर असली तरी डोळे सुईच्या पाकिटावर. मी ठरवलं, तीन. एक खांद्याला, एक हाताला, एक दुसऱ्या बाजूच्या पायाच्या पोटरीला. तीन सुया लावून बाईंना सांगितलं, "आक्काला तीन."

आक्का तशीच मान वर करून म्हणाली, "तीन? आगं बया, तीन कुठं लावतेत का?"

"का? काय झालं?"

"तीन तिगाडा काम बिगाडा. ताटात तीन पोळ्या वाढतो का आपण?"

खरंच नाही वाढत. आमच्या घरी तिसरी पोळी वाढायची वेळ आली की चौथीचा एक तुकडा मोडून सोबत ठेवायचा, तीन म्हणून कुणाच्या ताटात जायचं नाही. पण मी डॉक्टर होते आणि थोडी चेष्टेवर आले होते. म्हटलं, "बेलाला तीन पानं असतात, ते चालतं की महादेवाला."

"त्येला चालतंय. मी काय महादेव हाय का?"

पलीकडच्या कॉटवरची बाई खुदकन हसली. मला वाद घालायचा नव्हता. आक्काच्या पायाच्या अंगठ्याशेजारी, जिथे लावून तिच्या खांद्याला ना फायदा ना तोटा, तिथे मी एक सुई हलकेच टेकवली. "झाल्या चार. आता पड." ती पडली. मोजून काढल्या, चार. तिने माझ्याबरोबर मनातल्या मनात मोजल्या हे तिच्या ओठांवरून दिसत होतं.

ते दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. सकाळी ओपीडीच्या आधी मी तिला खुर्चीत बसवायची आणि तिची वेणी घालायची. केस पातळ झाले होते, मानेशी पांढरे. "वडू नको गं, सासू हायस का माजी?" ती कुरकुरायची आणि डोळे मिटून बसायची. तिच्या घरी होते तेव्हा माझी वेणी ती घालायची, घाईत, कणकेच्या हाताने. आता माझे हात होते आणि तिचं डोकं होतं. माझी मुलं सुट्टीला आली होती, तीसुद्धा म्हणाली, आई किती खूश आहे.

आणि खांदाही ऐकत होता. आठवडा झाला नाही तोवर तिचा हात कानाला लागला. तिने कॉटवर बसून स्वतःचं कानातलं चाचपलं आणि "आराम पडायलाय की!" असं एवढ्या मोठ्याने म्हणाली की बाहेर बसलेल्यांनी आत डोकावून बघितलं. मी त्या दिवशी पेढे आणले. हसू नका, आणले.

मग मुखेडच्या एक बाई आल्या. जुन्या पेशंट, कंबर आणि दोन्ही गुडघे. त्यांना सोळा लागायच्या. आक्काच्या शेजारच्या कॉटवर त्यांची वेळ पडली. बाई तोंडाने मोकळ्या, मनाने वाईट नाहीत. त्यांच्या सुया मी मोजून काढल्या, एकपासून सोळापर्यंत, आणि मग पडद्याच्या अलीकडे येऊन आक्काच्या काढल्या, चार.

पडद्यापलीकडून आवाज आला, "आवं आक्का, सख्ख्या बहिणीचा दवाखाना आन् चारावरच भागवलं व्हय?"

आक्का म्हणाली, "तिचा हात पहिल्यापासून आखडताच हाय."

थट्टेतच म्हणाली. पण मला लागलं. सगळे हसत होते आणि मला वाटलं, ह्यांना एकदा समजावून सांगू. कमी लावणं सोपं नसतं, कमी लावायला जास्त बघावं लागतं, हे मी किती वेळा सांगणार होते? ती संधी आली असं मला वाटलं. पडदा बाजूला करून मी चांगल्या शिकवण्याच्या आवाजात म्हटलं, "मावशी, जास्त कुणीही लावतं. कमीत काम करायला कसब लागतं. आक्काला तर खरं तीनच लागतात. तिला तीन चालत नाहीत ना, म्हणून चौथी आपली पायाला टोचते, नावाला. तिचं काही काम नाही."

सगळा दवाखाना हसला. मुखेडच्या बाई तर पोट धरून हसल्या. आक्काही हसली, सगळ्यांत मोठ्याने. मला वाटलं, पटलं सगळ्यांना.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी तिला कॉटवर घेतलं. चार सुया लावल्या. बाईंना सांगायला वळले तर तिने हळू आवाजात, पडद्यापलीकडे जाऊ नये इतक्या हळू, विचारलं, "ह्यातली खोटी कुठली हाय?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी तिच्या पायाकडे बोट केलं.

"काढ ती."

"असू दे की आक्का. तीन कशाला ठेवतेस?"

"काढ म्हनलं न्हवं."

काढली. ती तीन सुयांनी पडून राहिली, वर बघत. डोळे मिटले नाहीत तिने. मी बाकीच्या पेशंटकडे गेले, हात चालत होते, लक्ष नव्हतं. वेळ झाल्यावर तिच्या सुया काढताना मोजावं लागलंच. एक, दोन, तीन. त्या दिवशी माझ्या मोजण्याला आवाज नव्हता.

घरी गेल्यावर मी सगळं पुन्हा सांगितलं. तुझं वय, तुझी साखर, तुझा खांदा, पहिल्या दिवशी तू किती घाबरली होतीस. चौथी सुई मी तुझ्या मनासाठीच लावली. फसवायचं असतं तर सगळ्यांसमोर सांगितलं असतं का? ती भाकरी मोडत ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "तुझं बरुबर आसंल. तू शिकलेली हायस. पंगतीत मानसाला नावाला वाढतेत कवा कवा. घरात न्हाई वाढत." आणि पुढे लगेच, "वरणात मीठ कमी पडलंय बग." विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपतात.

मी त्या रात्री रागात होते, हे सांगितलं पाहिजे. मला वाटलं, माझ्या विद्येची ही किंमत? खांदा सुटतोय हे दिसत नाही का हिला? जो हात कानापर्यंत जायला लागला, तो काय मुखेडच्या बाईंनी वर केला? मनात असं बरंच बोलले. सकाळी उठून कंगवा घेऊन तिच्या खोलीत गेले तर तिचा अंबाडा घालून झाला होता. वाकडा होता, पिना भलतीकडे खोचलेल्या, एका हाताने घातलेला. "जमलं गं माजं मला," ती म्हणाली. मी कंगवा घेऊन तशीच दारात उभी राहिले.

मग नातवाची परीक्षा आठवली तिला. लातुरात परीक्षेचं कारण कधीही चालतं, बाराही महिने कुणाची ना कुणाची टेस्ट असतेच. मी म्हटलं, खांदा अर्धाच सुटलाय, आणखी थोडे दिवस राहा. नाही म्हणाली. बसमध्ये खिडकीशी बसवून दिली. बस सुटेपर्यंत ती माझ्याशी अगदी नीट बोलली, मुलांचं विचारलं, दवाखान्यातल्या बाईंना साडी द्यायला सांगितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. रागावलेल्या आक्काला कसं मनवायचं हे मला लहानपणापासून येतं. नीट बोलणाऱ्या आक्काचं काय करायचं ते मला येत नव्हतं.

पुढचं भाचीकडून कळत गेलं. आई लातूरला एका ठिकाणी जाते. तिथे पण सुयाच लावतात, पण खूप लावतात, खांद्यापासून बोटापर्यंत, आणि वायर जोडून वरून करंट देतात. भाची कौतुकाने सांगत होती. मी फोनवर म्हटलं, "साखर आहे तिला, एवढ्या कशाला? उद्या चक्कर आली म्हणजे?" भाची म्हणाली, "मावशी, तुझ्याकडंच राहा म्हनलं होतं मी, ऐकतच न्हाई."

चक्कर वगैरे काही आली नाही. खांदा सुटला. हा आजारच असा आहे, कधीकधी काही न करताही काळाने सुटतो. माझ्या तिनांनी सुटला, की त्यांच्या जास्तीच्या सुयांनी, की नुसत्या दिवसांनी, हे कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. मीही नाही. मला पूर्वी अशा गोष्टीत बरोबर ठरायला फार आवडायचं.

आता माझ्याकडे कुणी आई-बहिणीला घेऊन येतं, आणि 'जरा जास्त लावा की मॅडम' म्हणतं, तेव्हाही मी लावत नाही. आक्का आज आली तरी तीनच लावीन. त्यात माझं चुकलं असं मला अजून वाटत नाही. वाईट मात्र वाटतं, फार वाटतं, आणि बरोबर असल्यामुळे ते जरासुद्धा कमी होत नाही. चुकले असते तर पाया पडून मोकळी झाले असते. एवढं आयुष्य वाट बघून तिची सेवा हाताला लागली होती, आणि ती माझ्याच दवाखान्यात, माझ्याच तोंडाने, सगळ्यांना हसवता हसवता सुटली.

परवा लातूरला एका साखरपुड्याला गेले होते. दुपारी आक्काकडे. आता घर मोठं झालंय, ओटा नवा आहे, वर कपाटांची रांग. ती स्वयंपाकघरात होती. माझ्याशी बोलता बोलता तिने उजवा हात सरळ वर नेला आणि कपाटातून साखरेचा डबा काढला. सहज. तिच्या ते लक्षातही नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी गेले आणि तिचा दंड धरला, वर केला, मागे नेऊन बघितला, डॉक्टरसारखा. सगळीकडे जात होता. ती हसत उभी राहिली.

बरं वाटल्याच्या भरात मी विचारलं. नाही तर विचारलं नसतं. "आक्का, तिकडं किती लावायचे गं?"

"कुनाला ठाव. लई लावायचे."

"किती म्हणजे?"

"मी कुठं मोजल्या?"

"माझ्याकडे तर रोज मोजायचीस."

आक्काने डब्याचं झाकण उघडलं, चहात साखर घातली, चमचा डब्यात ठेवला. मग माझ्याकडे बघून, अजिबात राग नसलेल्या आवाजात म्हणाली, "आपल्या मानसाकडं मोजावं वाटतं गं. परक्याच्या दारात काय मोजायचंय?"

चहा उतू जायला लागला म्हणून ती गॅसकडे वळली. मला तिथे उभ्या उभ्या रडू आलं. तिने ते बघितलं, आणि दोन कप भरून एक माझ्यापुढे सरकवला.